छापलेले विंडोत आणताना
प्रोग्रॅमचे आउटपुट डेस्कटॉप विंडोकडे वळवण्याच्या प्रश्नाचा आढावा

सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत, म्हणजे एनयूएसमध्ये, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा सीएस२१०३ हा विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सत्राच्या सुरुवातीला एकट्याने एक छोटा जावा प्रोग्रॅम लिहावा लागतो. कामांची यादी सांभाळणारा हा मदतनीस बरीच वर्षे ‘ड्यूक’ या नावाने ओळखला गेला. पहिले काही आठवडे तो काळ्या कन्सोलमध्येच बोलतो. आपण ‘टूडू’ लिहून काम सांगायचे, त्याने ते नोंदवायचे आणि यादीत आता किती कामे झाली ते छापायचे. मग दहावी पातळी येते आणि सांगितले जाते की आता याला विंडो द्या. तोवर प्रोग्रॅमभर ‘सिस्टम.आउट.प्रिंटएलएन’ पसरलेले असते. हे सगळे छापणे विंडोत न्यायचे कसे?

प्रश्न नवशिक्याचा वाटतो, पण अनुभवी लोकांनाही तो चुकलेला नाही. कारखान्यातल्या यंत्राची नोंद दाखवणारा छोटा प्रोग्रॅम असो, व्हिडिओ बदलून देणारे साधन असो किंवा कोड लिहिण्याचा संपादक असो, आत कुठेतरी एक जुना, मुकाट छापणारा प्रोग्रॅम चालू असतो आणि त्याचे म्हणणे वापरणाऱ्याला विंडोत दिसावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी चार वेगवेगळे मार्ग रूढ आहेत. चारही मार्गांचे समर्थक आपापल्या जागी पक्के आहेत आणि काही प्रश्न आजही सुटलेले नाहीत. त्या सगळ्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

युनिक्सने १९७० च्या दशकात एक साधी शिस्त घालून दिली. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच तीन वाटा उघड्या मिळतात. एक मजकूर आत येण्याची, दुसरी बाहेर जाण्याची, तिसरी चुका सांगण्याची. बाहेरच्या वाटेच्या टोकाला टर्मिनल आहे, फाइल आहे की दुसरा प्रोग्रॅम, याची चौकशी प्रोग्रॅमने करायची नाही. प्रोग्रॅम एकमेकांना जोडण्याची कल्पना बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात मांडली होती. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये पाइप प्रत्यक्षात आणला. चुकांची वाट त्यानंतर वेगळी झाली. फोटोटाइपसेटरकडे मजकूर पाठवला की कधीकधी चुकीचा संदेशच सुबक टाइपात छापून बाहेर येई आणि कागद वाया जाई, त्यातून ही गरज निर्माण झाली.

ही शिस्त अक्षरांच्या जगातली. विंडोंच्या जगात ती आपोआप आली नाही. १९८४ चा मॅकिंटॉश कन्सोलशिवायच जन्मला. मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्ये प्रोग्रॅम बांधतानाच ठरते की तो कन्सोलचा आहे की विंडोचा. विंडोचा असेल तर त्याला कन्सोल मिळत नाही, आणि त्याने छापलेले कुठेच उमटत नाही. पायथनमध्ये ‘पायथनडब्ल्यू’ने चालवलेल्या प्रोग्रॅमला छापायला वाटच नसते. ‘प्रिंट’ बिनबोभाट चालते, दिसत मात्र काही नाही. विंडोत छापून पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. चूक असती तर निदान संदेश आला असता. इथे नुसती शांतता असते.

युनिक्सच्या बाजूला वेगळा तोडगा निघाला. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये स्यूडो-टर्मिनल आले. हे प्रत्यक्षातल्या टर्मिनलचे सोंग घेणारे जोडटोक. पुढच्याच वर्षी ‘एक्सटर्म’ लिहिले जाऊ लागले. विंडोत टर्मिनल दाखवायचे आणि आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला वाटू द्यायचे की आपण खऱ्या टर्मिनलशीच बोलत आहोत.

विंडोजवर भाषा बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची मलमपट्टी केली. बोरलँडने सी भाषेसाठी ‘इझीविन’ आणि पास्कलसाठी ‘विनसीआरटी’ दिले, मायक्रोसॉफ्टने ‘क्विकविन’ दिले. जुना प्रोग्रॅम न बदलता पुन्हा बांधायचा, आणि त्याचे छापणे एका साध्या विंडोत दिसायचे. महाराष्ट्रात टर्बो सीवर शिकलेल्या पिढीला या प्रश्नाची पहिली ओळख त्याही आधी झाली होती. निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम चालवायचा, आउटपुट क्षणभर झळकून नाहीसे व्हायचे आणि ते पुन्हा पाहायला ऑल्ट आणि एफ५ दाबायचे. अनेकांनी तर प्रोग्रॅमच्या शेवटी ‘गेटसीएच’ लिहिण्याची सवय लावून घेतली, केवळ पडदा थांबून राहावा म्हणून. छापणे एकीकडे आणि पाहणे दुसरीकडे, ही फारकत तेव्हापासूनची आहे.

एनयूएसचा नमुना

सिंगापूरमध्ये संगणकशास्त्राचे शिक्षण जुने आहे. नानयांग विद्यापीठात १९७५ साली संगणकशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९८० मध्ये ते विद्यापीठ युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये मिळून एनयूएस बनले, आणि १९९८ मध्ये तिथे स्कूल ऑफ कॉम्प्युटिंग उभे राहिले. आपल्या विषयासाठी या संस्थेकडे पाहण्याचे कारण असे की तिथल्या अभ्यासक्रमात कन्सोलपासून विंडोपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने, उघड्या कोडमधून पाहता येतो.

‘ॲड्रेसबुक’ या नावाची नमुना प्रोग्रॅमांची एक मालिका तिथे शिकवण्यासाठी तयार झाली. पहिल्या पायरीचा प्रोग्रॅम साधारण हजार ओळींचा, एकाच फाइलमधला आणि पूर्णपणे कमांड लाइनवरचा. त्यात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. वापरणाऱ्याला जे काही सांगायचे ते ‘शो टू यूजर’ नावाच्या एकाच फंक्शनमधून बाहेर पडते, आणि प्रत्येक ओळीआधी दोन उभ्या रेघा लागतात. वापरणाऱ्याने दिलेली आज्ञाही प्रोग्रॅम परत छापून दाखवतो. हाताने वापरताना हे अनावश्यक वाटते. पण इनपुट फाइलमधून वळवले की टाइप केलेल्या आज्ञा आउटपुटमध्ये उमटतच नाहीत. त्या परत छापल्या तरच नोंद वाचताना कोणत्या आज्ञेला कोणते उत्तर आले हे कळते.

ड्यूकमध्येही आउटपुट वळवण्याचा पहिला धडा विंडोच्या आधीच येतो. एका छोट्या स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमला इनपुटची फाइल दिली जाते, त्याचे आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये वळवले जाते आणि अपेक्षित उत्तराच्या फाइलशी ते ताडून पाहिले जाते. विंडोजवर ही तुलना ‘एफसी’ करते, युनिक्सवर ‘डिफ’. युनिक्सच्या स्क्रिप्टमध्ये तुलनेआधी ओळींच्या शेवटाची चिन्हे एकसारखी करून घ्यावी लागतात, नाहीतर डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली वेगळ्या ठरतात. एक मोकळी जागा चुकली तरी चाचणी नापास. वाट वळवणे म्हणजे बाइट्स वळवणे, हे विद्यार्थ्याला इथे पक्के कळते.

मग वापरणाऱ्याशी बोलणारा भाग, फाइल सांभाळणारा भाग आणि आज्ञा समजून घेणारा भाग वेगवेगळ्या क्लासमध्ये काढायला लावतात. त्यानंतर विंडो येते. जावाएफएक्सच्या मार्गदर्शनात तिचे रूप गप्पांच्या ॲपसारखे आहे. वर सरकणारा संवाद, खाली लिहिण्याची जागा, दोन्ही बाजूंना दोन चित्रे. त्यात ड्यूकचे उत्तर छापले जात नाही. ‘गेट रिस्पॉन्स’ नावाचे फंक्शन मजकूर परत देते आणि विंडो तो दाखवते. ज्याने आधीच्या आठवड्यांत जागोजाग छापले असेल त्याच्यासमोर इथे दोन रस्ते असतात. छापणे आतल्या आत पकडून मजकूर मिळवायचा, किंवा छापणारे प्रत्येक फंक्शन मजकूर परत देईल असे बदलायचे. पहिला रस्ता संध्याकाळभरात उरकतो. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो, आणि पुढच्या प्रत्येक बदलात तो वेळ वसूल होतो.

गटाने करायच्या प्रकल्पाचा पाया असलेल्या ॲड्रेसबुकच्या तिसऱ्या पायरीत हे पूर्णत्वाला गेलेले दिसते. सुमारे सहा हजार ओळींचा हा प्रोग्रॅम विंडोतला असला तरी टाइप करणाऱ्यासाठी घडवलेला आहे. आज्ञा लिहायची पेटी, तिच्याजवळ ‘रिझल्ट डिस्प्ले’ आणि माणसांची यादी. आज्ञा चालवली की आतला भाग ‘कमांड रिझल्ट’ नावाची वस्तू परत देतो. तिच्यात वापरणाऱ्याला सांगायचा मजकूर असतो, शिवाय मदतीची विंडो उघडायची आहे का, प्रोग्रॅम बंद करायचा आहे का, अशा खुणाही असतात. चूक झाली तर आज्ञेची पेटी रंग बदलते. छापलेल्या ओळीतून एवढे सांगता आले नसते.

चार मार्ग

पहिला मार्ग वाट आतूनच वळवण्याचा. जावात ‘सेटआउट’ने आउटपुटच्या जागी आपली वस्तू बसवता येते. पायथनमध्ये ‘राइट’ हे फंक्शन असलेली कोणतीही वस्तू चालते, आणि २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून ‘रिडायरेक्ट स्टडआउट’ ही तयार सोय आहे. पायथनसोबत येणारा ‘आयडल’ संपादक याच पद्धतीने ‘प्रिंट’चा मजकूर आपल्या विंडोत दाखवतो. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे जुन्या कोडला हात लावावा लागत नाही. त्याचे समर्थक विचारतात की दहा वर्षांचा चालता प्रोग्रॅम केवळ दाखवण्यासाठी कशाला उसवायचा? प्रश्न रास्त आहे. उलट बाजूही तितकीच खरी. ही वाट सबंध प्रोग्रॅमची एकच असते, त्यामुळे दोन थ्रेड एकाच वेळी ती वळवू लागले तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या विंडोत जाते. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच ही सोय लायब्ररीसाठी आणि बहुतेक बहुथ्रेडी प्रोग्रॅमसाठी योग्य नाही असे सांगितले आहे. शिवाय सी भाषेत लिहिलेली लायब्ररी किंवा आतून चालवलेला दुसरा प्रोग्रॅम या वळणाला जुमानत नाही, कारण वळवलेली असते ती भाषेच्या पातळीवरची वाट, खालची नव्हे. ज्युपिटर नोटबुकच्या पायथन कर्नलला नंतरच्या आवृत्त्यांत खालच्या पातळीवर उतरून आउटपुट पकडावे लागले ते यामुळेच.

दुसरा मार्ग प्रोग्रॅम वेगळा चालवून त्याच्या पाइपमधून वाचण्याचा. इथे प्रोग्रॅम आपला असलाच पाहिजे असे नाही. जावाने २००४ मध्ये ‘प्रोसेस बिल्डर’ आणले, पायथनने त्याच वर्षी ‘सबप्रोसेस’. डॉटनेटमध्ये ओळ आली की कळवणारी सोय २००५ पासून आहे. आत चाललेला प्रोग्रॅम कोसळला तरी विंडो शाबूत राहते, हा या मार्गाचा सर्वांत भक्कम मुद्दा.

पण सर्वाधिक रात्री ज्या कोड्याने खाल्ल्या असतील ते कोडेही इथलेच, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सी भाषेची छापण्याची व्यवस्था सुरुवातीलाच पाहते की समोर टर्मिनल आहे का. असेल तर ओळ पूर्ण झाली की मजकूर पुढे जातो. नसेल, म्हणजे फाइल किंवा पाइप असेल, तर मजकूर साठवला जातो आणि साठा भरला की, साधारणपणे ४०९६ बाइट्स झाले की, एकदम सोडला जातो. कन्सोलमध्ये दर सेकंदाला एक ओळ छापणारा प्रोग्रॅम विंडोला जोडला की गप्प होतो, आणि बऱ्याच वेळाने एकाच दमात शंभर ओळी ओततो. पाहणाऱ्याला वाटते आपलाच कोड चुकला. तो बरोबर असतो, मजकूर त्याच्यापर्यंत आलेलाच नसतो. प्रोग्रॅम आपला असेल तर प्रत्येक ओळीनंतर साठा रिकामा करायला सांगता येतो. पायथनला ‘-यू’ हा पर्याय आहे. लिनक्सवर ‘स्टडबफ’ आहे, पण स्वतःची वेगळी साठवण करणाऱ्या प्रोग्रॅमपुढे त्याचे चालत नाही.

दुसरी अडचण साठ्याच्या उलट टोकाची. पाइपची क्षमता मर्यादित असते, लिनक्सवर २००५ पासून ती सर्वसाधारणपणे ६५,५३६ बाइट्स आहे. विंडोने साध्या आउटपुटची वाट तेवढी वाचली आणि चुकांची वाट उघडी ठेवून तिच्याकडे पाहिलेच नाही, तर चुकांचा पाइप भरतो, आतला प्रोग्रॅम लिहिता लिहिता अडतो आणि विंडो त्याच्या पुढच्या ओळीची वाट पाहत बसते. दोघेही थांबलेले, आणि दोघांच्या कोडमध्ये चूक सापडत नाही. जावाच्या दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे. विंडोजवर याचा एक भाऊबंद आहे. पाइपचे लिहिण्याचे टोक मूळ प्रोग्रॅमकडेही उघडे राहिले तर आतला प्रोग्रॅम संपला तरी वाचणे संपत नाही. ते टोक आपल्या बाजूने बंद करायला विसरू नये.

तिसरा मार्ग स्यूडो-टर्मिनलचा. आतल्या प्रोग्रॅमला टर्मिनलच मिळाल्यासारखे वाटल्याने तो ओळ ओळ सोडतो, रंग दाखवतो, प्रगतीची पट्टी हलवतो आणि पासवर्डही विचारतो. विंडोजवर ही सोय फार काळ नव्हती. ‘विनपीटीवाय’सारख्या प्रकल्पांनी लपवलेला कन्सोल वाचून ती भरून काढली. मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत ‘कॉनपीटीवाय’ दिले तेव्हा दोन्ही जगे बरीच जवळ आली. व्हीएस कोडमधली टर्मिनलची खिडकी आज याच पायावर उभी आहे. किंमत अशी की आता केवळ मजकूर येत नाही. रंग बदला, कर्सर मागे न्या, ओळ पुसा अशा गुप्त खुणांसह तो येतो, आणि त्या समजून घेण्यासाठी विंडोत अख्खे टर्मिनल लिहावे लागते. साध्या मजकूरपेटीत ते ओतले तर अक्षरांमध्ये चौकटी कंस आणि आकडे सांडलेले दिसतात. ‘फक्त आउटपुट दाखवायचे होते’ म्हणून सुरू झालेले काम इथे बघता बघता वाढते.

चौथा मार्ग म्हणतो, छापणे वळवूच नका, निकाल मागा. ॲड्रेसबुकची तिसरी पायरी एकाच प्रोग्रॅमच्या आत हेच करते. दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्येही ते करता येते. जीडीबी या डीबगरचे माणसांसाठी छापलेले आउटपुट वाचून ‘डीडीडी’ने १९९० च्या दशकात त्यावर विंडो चढवली. छापण्याची पद्धत जराशी बदलली तरी असे वाचन मोडू शकते. पुढे जीडीबीने यंत्रांसाठी वेगळी, ठरलेल्या रचनेची भाषा दिली. गिटमध्ये ‘पोर्सलेन’ हा पर्याय त्याच हेतूने आहे. २०१६ मध्ये आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये संपादक आणि भाषेचा सर्व्हर अनेकदा याच जुन्या वाटांवरून बोलतात, पण मजकुराऐवजी जेसनचे संदेश पाठवून. तिथे सर्व्हरमध्ये चुकून एक ‘प्रिंट’ राहिले तर संवादच बिघडतो. या मार्गाविरुद्धचा आक्षेप साधा आहे. प्रोग्रॅम आपल्या हातात नसेल, किंवा त्याचा लेखक यंत्रांसाठी वेगळे काही द्यायला तयार नसेल, तर निकाल मागणार कोणाकडे?

चौघांकडे एकत्र पाहिले तर मला निवडीचा निकष आतला प्रोग्रॅम कोणाचा यावरच ठरतो असे वाटते. प्रोग्रॅम आपला असेल तर चौथा मार्ग, आणि तो शक्य तितक्या लवकर. दुसऱ्याचा असेल आणि तो केवळ ओळी देत असेल तर पाइप. तो टर्मिनलशिवाय नीट वागतच नसेल तरच स्यूडो-टर्मिनल. वाट आतून वळवणे हे जुने घर पाडेपर्यंत लावलेल्या टेकूसारखे आहे. टेकूची गरज असते, म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, पण त्यावर वरचा मजला चढवू नये.

गोठणारी विंडो

चारही मार्गांत समान असलेली एक अडचण आहे. विंडो रंगवणे, माउसला उत्तर देणे, अक्षरे दाखवणे ही सगळी कामे एकच थ्रेड करतो. तोच पाइप वाचत बसला तर विंडो गोठते. विंडोजवर पाच सेकंद विंडोने संदेश घेतले नाहीत तर शीर्षकपट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटते. म्हणून वाचण्यासाठी वेगळा थ्रेड, आणि दाखवण्यासाठी मजकूर परत विंडोच्या थ्रेडकडे. जावाएफएक्समध्ये ‘रन लेटर’, स्विंगमध्ये ‘इन्व्होक लेटर’, टीकेइंटरमध्ये रांगेत ठेवून ‘आफ्टर’ने उचलणे. नियम सर्वमान्य आहे, वाद इथे नाही.

वाद आहे तो वेगाचा. आतला प्रोग्रॅम सेकंदाला हजारो ओळी छापत असेल आणि प्रत्येक ओळीसाठी विंडोला हाक मारली, तर विंडो गोठत नाही पण रांगेखाली दबते. ‘थांबा’चे बटण दाबले तरी ते दाबणे त्याच रांगेत शेवटी उभे राहते. काहीजण ओळी साठवून सेकंदाच्या दहाव्या भागाने एकदम दाखवतात. काही वाचणेच मंद करतात, म्हणजे पाइप भरून आतला प्रोग्रॅम आपोआप थांबतो. पहिल्यात मजकूर जमत जातो, दुसऱ्यात मूळ काम रेंगाळते. जास्तीत जास्त किती ओळी ठेवायच्या यावरही एकमत नाही. शेवटच्या काही हजार ठेवून आधीच्या टाकणे हे बहुतेकांनी स्वीकारले आहे, पण नेमकी चूक सर्वांत वरच्या ओळीत असते तेव्हा ते महागात पडते.

चिनी, तमिळ, मराठी

सिंगापूरमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या तिथल्या चार अधिकृत भाषा. मराठी घरांतली मुलेही त्याच वर्गांत बसतात. विंडोत आणायचा मजकूर इंग्रजीच असेल असे तिथे धरून चालता येत नाही.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचे. देवनागरी आणि तमिळ अक्षर तीन बाइटांचे, आणि बहुतेक चिनी अक्षरेही तीनच बाइटांची. ‘मराठी’ या शब्दात मात्रा धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट्स. आता पाइपमधून ४०९६ किंवा ८१९२ बाइटांचे तुकडे वाचले जातात. दोनाचा कोणताही घात तीनने भागला जात नाही, त्यामुळे सलग मराठी मजकुरात तुकड्याच्या कडेला एखादे चिन्ह हमखास चिरले जाते. प्रत्येक तुकडा वेगळा उलगडला तर त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा हिरा येतो. लहान चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण मजकूर एका तुकड्यात मावतो. उपाय माहीत आहे. उरलेले बाइट्स पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवणारा डिकोडर वापरायचा. जावाचा ‘इनपुट स्ट्रीम रीडर’ ते स्वतःहून करतो, मात्र बाइट्सच्या तुकड्यातून थेट ‘स्ट्रिंग’ बनवणारा कोड करत नाही.

त्यानंतर येते एन्कोडिंगची गोष्ट. विंडोजचा कन्सोल अनेक वर्षे स्वतःच्या कोडपेजने चालला. जावाने यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग केले ते २०२२ च्या आवृत्ती १८ मध्ये, आणि तेव्हाही कन्सोलकडे जाणारी वाट कन्सोलच्याच एन्कोडिंगवर ठेवली. लिहिणारा एक समजतो, वाचणारा दुसरे, आणि विंडोत भलतीच अक्षरे येतात. दोन्ही टोकांना एन्कोडिंग उघडपणे लिहून टाकणे हाच खात्रीचा मार्ग.

तिसरी गोष्ट दिसण्याची, आणि ती सर्वांत अवघड. टर्मिनल चौकोनी घरांचे असते. चिनी अक्षर दोन घरे व्यापते असा नियम करून तो प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. तमिळ आणि देवनागरीला तो नियम लागू होत नाही. ‘क्षि’ चार चिन्हांचे, त्यातली ऱ्हस्व मात्रा नंतर येऊन आधी दिसते, आणि सगळे मिळून किती घरे धरायची याचे उत्तर टर्मिनलागणिक बदलते. प्रोग्रॅम एक रुंदी धरतो, टर्मिनल दुसरी, आणि तक्त्याचे रकाने वाकडे होतात. जावाएफएक्सची साधी मजकूरपेटी मात्र जोडाक्षरे नीट जुळवते, कारण तिला घरांचे बंधन नाही. म्हणून मराठी दाखवायचे असेल तर तिसऱ्या मार्गाचे पारडे हलके होते आणि चौथ्याचे जड.

पण मजकूर विंडोपर्यंत पोहोचायला हवा. ॲड्रेसबुकच्या नमुन्यात नावाचा नियम केवळ अक्षरे, आकडे आणि मोकळ्या जागा स्वीकारतो, आणि जावात तो ज्या पद्धतीने लिहिला आहे त्यात ‘अक्षरे’ म्हणजे रोमनच. ‘अंजली’ असे नाव लिहिले तर तो ते नाकारतो. सिंगापूरमधल्या तमिळ नावांत वडिलांचे नाव जोडणारी तिरपी रेघही त्यात बसत नाही. हा शिकवण्यासाठीचा नमुना आहे आणि त्यातले नियम विद्यार्थ्यांनी बदलावेत हेच अपेक्षित असते. तरी जी विंडो मराठी दाखवू शकते तिच्यामागचा दरवाजा मराठीला आत येऊ देत नाही, हे चित्र अनेक खऱ्या प्रोग्रॅममध्येही दिसते.

अजून न सुटलेले

साध्या आउटपुटची आणि चुकांची वाट एकाच विंडोत आणली तर क्रम कसा राखायचा? पहिली साठवली जाते, दुसरी ताबडतोब जाते, त्यामुळे चूक आधी दिसते आणि तिच्याकडे नेणाऱ्या ओळी मागून येतात. दोन्ही एकाच पाइपमध्ये सोडल्या तर चुका वेगळ्या रंगात दाखवता येत नाहीत. वेगळ्या ठेवल्या तर खरा क्रम हरवतो. समाधानकारक तोडगा बाहेरून निघत नाही, प्रोग्रॅमनेच सहकार्य करावे लागते.

जुने आउटपुट ठेवायचे की नाही यावर एनयूएसच्याच दोन नमुन्यांत दोन उत्तरे आहेत. ड्यूकच्या विंडोत सगळा संवाद वर सरकत राहतो. ॲड्रेसबुकचा ‘रिझल्ट डिस्प्ले’ नवा निकाल आला की जुना पुसतो. एकात मागचे सापडते, दुसऱ्यात आत्ताचे ठळक राहते. दृष्टिहीन वापरणाऱ्यासाठी पडदा वाचणाऱ्या साधनाने सतत वाढणारा मजकूर कसा वाचावा, हा तर फारसा चर्चिला न गेलेला प्रश्न आहे.

शिकवण्याच्या क्रमावरही मतभेद आहेत. आधी छापायला शिकवा, कारण लगेच काहीतरी दिसते आणि हुरूप येतो, असे एक मत. त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या सीएस११०१एस या विषयात ‘सोर्स अकॅडमी’ वापरतात. तिथे लिहिलेल्या सूत्राचे मूल्य बाजूच्या चौकटीत आपोआप दिसते, छापण्याची गरज फारशी पडत नाही, आणि फंक्शन मूल्य परत देते हे पहिल्यापासून अंगवळणी पडते. या वळणाने आलेल्याला विंडोचा टप्पा सोपा जाईल असे मला वाटते. छापण्याची सवय लागलेल्याला तो जड जातो, पण आउटपुट वळवण्याच्या खाचाखोचा त्यालाच जास्त कळतात. दोन्ही मतांत तथ्य आहे.

सिंगापूरमधल्या मराठी घरांतून किंवा पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून जे हे काम पहिल्यांदा हाती घेतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. विंडो जोडण्याआधी अपेक्षित उत्तरांच्या फाइलमध्ये मराठी मजकूर घाला. त्यात जोडाक्षरे असू द्या, ऱ्हस्व मात्रा असू द्या, आणि तो चार हजार बाइटांहून लांब असू द्या.